अंतिम वापर

महापेच्या आमच्या कारखान्यात स्फोट बनत नाहीत,
उशीर बनतो.
बोटाच्या पेराएवढी नळी, आत करडी पूड.
पंचवीस मिलिसेकंद, बेचाळीस, पासष्ट:
एका सुरुंगापासून दुसऱ्यापर्यंतचं थांबणं
आम्ही खोक्यात भरून न्हावाशेव्याला पाठवतो.
"आपण वेळ विकतो, धोत्रेबाई," ठोसरसाहेब म्हणतात,
"आणि वेळ कुणाच्या बाजूची नसते."
मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन चहा मागवतात.

माझं टेबल खिडकीपाशी. खिडकीत पारसिकचा डोंगर,
अर्धा.
गेलेल्या अर्ध्यात आपण सगळे राहतो,
पहिला मजला, दुसरा मजला, पार्किंगसह.
तो आबांनी फोडला. एकट्यांनी नाही,
पण शाळेत मी तसंच सांगायचे.

तुर्भ्याच्या खाणीत दुपारी एकला बार उडायचा.
त्याआधी आबा लाल फडकं घेऊन निघायचे, झोपडी झोपडी.
शिट्टी तीनदा. "भायेर या गं, पोरं घ्या."
शांताक्का बाळंतीण होती तेव्हा
तिला खाटेसकट उचलून नाल्यापलीकडे नेलं.
मुकादम घड्याळ दाखवून शिव्या देत होता,
डंपर उभे होते, उभ्या डंपरचं भाडं चालू होतं.
आबा म्हणाले, वात माझ्या हातात हाय.

एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये ऑर्डर आली. चार लाख नग.
देशाचं नाव इथे लिहीत नाही,
करारात तशी अट आहे
आणि मलाही ते सोयीचं आहे.
दोन वर्षं तिथे लढाई चालू, सरकार गणवेशातलं.
फॉर्मवर चौदावा रकाना: अंतिम वापर.
त्यांनी कळवलं होतं: खाणकाम.
मी नकाशा उघडला. खाणी होत्या, दोन,
दोन्ही बंद, पाण्याने भरलेल्या,
वरून हिरव्या दिसतात, कुणी डोळे उघडे ठेवून झोपावं तशा.

ठोसरसाहेब वाईट माणूस नाहीत.
माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकराला रक्त द्यायला आले होते वाशीला.
"कागद आहे ना? शिक्का आहे ना?
आपण नाही दिला, तर तळोज्याचा कुणी देईल."
मग जरा थांबून,
"घणसोलीच्या फ्लॅटचे किती हप्ते राहिलेत?"
धमकी नव्हती ती. चौकशी होती.
तेच तर.

मी टाइप केलं, खाणकाम.
चार अक्षरं. लाखाला एक.

दिवाळीला दोन पगार मिळाले.
पॅकिंगच्या मुलींना स्टीलचे डबे, झाकणावर कंपनीचं नाव.
मी पेढे घेऊन आबांकडे गेले.
त्यांचे कान बारांनी केव्हाच नेले,
म्हणून आमच्याकडे गुपित असं काही राहत नाही.
"कुठल्या खाणीला गेला माल?"
मी त्या शहराचं नाव ओरडून सांगितलं;
खाली रिक्षा पुसणाऱ्या माणसाने वर पाहिलं.
"दगड कसाय तिथला? काळा का मुरमाड?"
माहीत नाही, आबा.
"मानसं किती लांब ऱ्हातात?"
मी डब्याचं झाकण लावत बसले. ते नीट बसत नव्हतं.
आबांनी पेढा खाल्ला, साखर आहे म्हणून अर्धाच,
आणि म्हणाले,
"दगड न बघता उशीर कसा मोजता गं तुम्ही?"
रागाने नाही. कारागिराने कारागिराला विचारावं तसं,
आता नवं काही निघालं असेल, आपल्याला माहीत नसलेलं,
अशा उत्सुकतेने.

आज दुसरी ऑर्डर आली. सहा लाख.
बाकी सगळं भरून झालंय: वजन, खोकी, जहाजाचं नाव.
चौदावा रकाना कोरा आहे.
साहेबांनी दोनदा काचेतून पाहिलं.
एक वाजत आलाय.